सोशल सायकॉलॉजी शिकायचीय, पण समाजशास्त्रातून. असं करता येतं का?

रानजाई

नमस्कार. मी पुण्यात बीए सायकॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेकंड इयरला सोशल सायकॉलॉजीचा पेपर होता, बॅरनचं जाडजूड पुस्तक, ॲटिट्यूड, कन्फर्मिटी, ओबिडियन्स, ग्रुप्स वगैरे, आणि तो विषय इतका आवडला की पुढे शिकायचं तर हेच असं तेव्हाच मनात पक्कं झालं.

पण वाचताना एक गोष्ट सतत खटकते. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाचा रेषांचा प्रयोग घ्या. दाखवलेल्या रेषेएवढी दुसरी रेष कोणती ते सांगायचं. खोलीत सात-आठ जण, बाकीचे आधीच ठरवून चुकीची रेष सांगतात आणि जो खरा सब्जेक्ट आहे तो साधारण तीनातल्या एका वेळी त्यांच्यामागे जातो. ठीक. पण ते सगळे कॉलेजचे मुलगे, एकमेकांवर कशासाठीच अवलंबून नसलेले. तिथे समोर त्याचा मुकादम असता तर? सासरे असते तर? ज्याच्याकडून उसने पैसे घेतलेत तो असता तर? माझे बाबा भोसरीत एका कंपनीत फिटर आहेत, घरी सगळ्यांना हसवत असतात आणि सुपरवायझरचा फोन आला की त्यांचा आवाज वेगळाच होतो, उभं राहून बोलतात. मी मराठी मीडियमच्या शाळेत सगळ्यात बडबडी होते आणि इथे ग्रुप डिस्कशनला बसले की तोंडातून शब्द फुटत नाही. हे "पर्सनॅलिटी" म्हणून कसं समजावून सांगायचं, माणूस तर तोच आहे ना?

आमच्या कॉलेजच्या सोशिओलॉजीच्या मॅडमना हे विचारलं तर त्या म्हणाल्या की तू विचारतेयस ते समाजशास्त्राचे प्रश्न आहेत आणि अमेरिकेत समाजशास्त्रवाल्यांची स्वतःची सोशल सायकॉलॉजी आहे, जॉर्ज हर्बर्ट मीड वाच. मीड उघडलं पण एकट्याने वाचून फारसं हाती लागलं नाही.

तर विचारायचं असं की हे खरंच वेगळं आहे का, का तेच दुसऱ्या डिपार्टमेंटमध्ये शिकवतात? सायकॉलॉजीतून बीए करून एमए सोशिओलॉजीला गेले तर काय सुटेल? घरचे म्हणतात काउन्सेलिंग कर, निदान पोटापाण्याचं बघ, आणि त्यांचंही बरोबर आहे. कोणी केलंय का असं?

ब्लूमिंग्टनकर

रानजाई, मी अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात सोशिओलॉजीमध्ये पीएचडी करतोय आणि माझा भाग सोशल सायकॉलॉजीच आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

वेगळं आहे, आणि हे वेगळेपण विषयाच्या जन्मापासूनचं आहे. १९०८ साली सोशल सायकॉलॉजी या नावाची दोन पुस्तकं आली, एक मॅक्डूगलचं, तो मानसशास्त्रज्ञ, आणि दुसरं रॉसचं, तो समाजशास्त्रज्ञ. मॅक्डूगल सुरुवात करतो माणसाच्या आतल्या सहजप्रवृत्तींपासून, रॉस सुरुवात करतो माणसामाणसांत काय पसरतं तिथून, म्हणजे फॅशन, रूढी, अनुकरण, जमाव. तेव्हापासून दोन वाटा. १९७७ मध्ये जेम्स हाउसने एक लेख लिहिला की खरं तर तीन वाटा आहेत, एक सायकॉलॉजीवाली, दुसरी मीडच्या मागून आलेली प्रतीकात्मक आंतरक्रियावादाची (माणसं एकमेकांशी वागता-बोलताना अर्थ घडवतात असं मानणारी), आणि तिसरी समाजरचना आणि व्यक्तिमत्त्व यांचा संबंध मोजणारी. यातल्या शेवटच्या दोन आमच्याकडच्या. शिवाय स्टॅनफर्डची ग्रुप प्रोसेसेसची, म्हणजे गटात काय घडतं ते तपासणारी, परंपरा आहे जी चक्क लॅबमध्ये चालते, त्यामुळे समाजशास्त्र म्हणजे फक्त गप्पा आणि निरीक्षण असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

मीडबद्दल. त्याचं ते प्रसिद्ध पुस्तक, 'माइंड, सेल्फ अँड सोसायटी', त्याने स्वतः लिहिलेलंच नाही. तो शिकागोला वर्षानुवर्षं सोशल सायकॉलॉजीचा कोर्स शिकवायचा, १९३१ मध्ये गेला आणि १९३४ मध्ये मुख्यतः विद्यार्थ्यांच्या नोट्सवरून ते पुस्तक तयार झालं, म्हणून ते तसं तुटक आणि पुन्हा पुन्हा तेच सांगणारं वाटतं. तिथून सुरुवात करू नका. आधी कूलीचं आरशातल्या स्वचं प्रकरण (१९०२), म्हणजे दुसऱ्यांना आपण कसे दिसतो यावरून आपण स्वतःला बघतो ते, मग रोजच्या भेटीगाठींकडे नाटकासारखं बघणारा गॉफमन, मग मीडचाच विचार पुढे नेणारा ब्लूमर, आणि त्यानंतर मीड. मीडचा मुद्दा एका ओळीत सांगायचा तर "मी" आधी तयार असतो आणि मग समाजात जातो असं नसतं, दुसऱ्यांच्या नजरेतून स्वतःकडे बघायला शिकतो तेव्हा कुठे "मी" तयार होतो. लहान पोरं भातुकलीत आई होतात, दुकानदार होतात ते याचंच शिक्षण.

पण मला स्वतःला जास्त पटतो तो समाजशास्त्रज्ञ शेल्डन स्ट्रायकर. तो इथलाच, सगळी कारकीर्द इंडियानात. त्याचं म्हणणं असं की मीड बरोबर आहे पण अपुरा आहे, कारण ज्या "दुसऱ्यांच्या" नजरेतून मी स्वतःला बघतो ते दुसरे कोण असणार हे काही मी निवडत नाही, ते वर्ग, वंश, लिंग, शेजार, शाळा यांनी आधीच ठरवलेलं असतं. मग तो सांगतो की आपल्या बऱ्याच ओळखी असतात, मुलगी, विद्यार्थिनी, वारकरी, कामगार, आणि त्यांची एक उतरंड असते, कुठली ओळख वर येणार ते त्या ओळखीवर तुमची किती नाती टांगलेली आहेत यावरून ठरतं. एखाद्याचे मित्र, सोयरीक, उधार-उसनवार सगळं दिंडीतल्या लोकांत असेल तर तो ऑफिसातही आधी वारकरी असतो, श्रद्धा कमी-जास्त हा नंतरचा प्रश्न. आणि हे मोजता येतं, सर्व्हे करून.

तुमच्या बाबांबद्दल जे लिहिलंय ना, त्यासाठी समाजशास्त्रज्ञ मेल्विन कोन वाचा, १९६९. त्याने विचारलं की मध्यमवर्गीय आईबाप मुलांना "स्वतः विचार कर" शिकवतात आणि कामगारवर्गातले "सांगितलेलं ऐक" शिकवतात, असं का? उत्तर त्याला संस्कारांत सापडलं नाही, कामात सापडलं. डोक्यावर किती बारीक देखरेख आहे, काम किती तेच-तेच आहे, त्यात किती गुंतागुंत आहे. दिवसभर ज्या कामात स्वतःचं डोकं चालवलं तर बोलणी बसतात तिथला माणूस घरी येऊन मुलाला काय शिकवणार? पुढे हेच त्याने पोलंड आणि जपानमध्येही सहकाऱ्यांबरोबर तपासलं. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, कारण माझेही वडील मिलमध्ये होते आणि त्यांच्या "गप बस, ऐकून घे" याचा राग मी बरीच वर्षं बाळगून होतो.

प्रयोगशाळा

मी सायकॉलॉजीवाला, शिकवतो. ब्लूमिंग्टनकरांनी चांगलं लिहिलंय पण दुसरी बाजूही या मुलीला कळू द्या.

ॲशने अनोळखी मुलं घेतली ती मुद्दाम. मुकादम, सासरे, उसने पैसे हे सगळं काढून टाकल्यावरही माणूस डोळ्यांना दिसतंय ते नाकारतो का, हाच प्रश्न होता. आणि नाकारतो, साधारण पाऊण लोकांनी एकदा तरी नाकारलं. प्रयोगात गोष्टी काढून टाकतात त्या महत्त्वाच्या नाहीत म्हणून नाही, एकेक करून परत घालता याव्यात म्हणून. मुकादमाचा प्रयोग तुम्ही करा ना, कोणी अडवलंय! गॉफमन वाचायला सुंदर आहे, मीही वाचतो, पण त्याचं म्हणणं चुकीचं ठरलं असं कधी म्हणायचं हे मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही.

आमच्या बाजूचंही सांगतो. २०१५ मध्ये १०० मानसशास्त्रीय अभ्यास परत करून पाहिले तर जेमतेम ३६ टक्क्यांत स्पष्ट निकाल परत मिळाला, आणि त्यात सोशलची अवस्था आणखी वाईट. त्यामुळे खटकतं म्हणून प्रश्न विचारणारी पोरं आम्हाला हवीच आहेत. तू सायकॉलॉजी सोडून जाण्यापेक्षा सायकॉलॉजीत राहून हे प्रश्न विचार असं माझं मत.

आणि व्यवहाराचं. क्लिनिकलला जायचं असेल तर सायकॉलॉजीतलंच पुढचं शिक्षण लागतं, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता असलेलं शिक्षण आणि नोंदणी. सोशिओलॉजीत एमए केलंस की तो दरवाजा बंद. घरच्यांना हे नीट सांगून मगच ठरव.

रानजाई

खूप खूप धन्यवाद दोघांना. सर, क्लिनिकलला नाही जायचं, हे मला माहीत आहे, घरी सांगायचं बाकी आहे.

अजून एक. आमच्या प्रोजेक्टला आम्ही सेल्फ-एस्टीम स्केल वापरतोय, रोझेनबर्गचं, दहा वाक्यांचं. त्यात गावाकडून आलेल्या हॉस्टेलच्या मुलींचे स्कोअर कमी येतील असं आमचं हायपोथेसिस आहे. हे कितपत बरोबर?

ब्लूमिंग्टनकर

अहो रोझेनबर्ग समाजशास्त्रज्ञच होता! जगभरच्या सायकॉलॉजी डिपार्टमेंटमध्ये ते स्केल वापरतात आणि हे बहुतेकांना कोणी सांगतच नाही. १९६५ चं काम, न्यूयॉर्क राज्यातल्या १० हायस्कूलची पाच हजारांवर मुलं. त्याला आत्मसन्मान हा आतला गुण म्हणून मोजायचा नव्हता, घर, वर्ग, धर्म, शेजार यांतून तो कसा घडतो हे बघायचं होतं. आपण फक्त पट्टी उचलली आणि प्रश्न तिथेच ठेवून आलो.

तुमच्या हायपोथेसिसबद्दल थोडं थांबा. रोझेनबर्ग आणि रॉबर्टा सिमन्स यांनी नंतर बाल्टिमोरच्या शाळकरी मुलांवर काम केलं, १९७१ मध्ये आलं. सगळ्यांना वाटत होतं काळ्या मुलांचा आत्मसन्मान गोऱ्या मुलांपेक्षा कमी असणार, एवढा भेदभाव सोसतात म्हटल्यावर. तसं निघालं नाही. कारण मूल स्वतःची तुलना अख्ख्या देशाशी करत नाही, आपल्या वर्गाशी, गल्लीशी, नातेवाइकांशी करतं, आणि त्याला कोण काय म्हणतं तर घरचे आणि शेजारचे. फरक पडायचा तो मूल अशा शाळेत गेलं की जिथे आजूबाजूला बहुतेक वेगळेच.

म्हणजे तुमच्या प्रोजेक्टमध्ये "गावाकडची" हा एक रकाना करून भागणार नाही. ती मुलगी दिवसभर कोणात वावरते, रूममेट कोण, मेसमध्ये कोणाबरोबर बसते, वर्गात तिच्यासारख्या कितीजणी, हे विचारा. दोन मुली एकाच तालुक्यातल्या असतील आणि एकीच्या मजल्यावर तिच्याच भागातल्या सहाजणी असतील, दुसरी एकटी, तर त्या दोघींचे स्कोअर सारखे का यावेत? तुमचा शाळेत बडबडी, कॉलेजात गप्प हा अनुभव मला याच जातीचा वाटतो.

जुना_मास्तर

बाळा, मी समाजशास्त्र शिकवून निवृत्त झालो, विदर्भात. उशिरा बघितला हा धागा. वर सगळं अमेरिकेचं आलंय, ते योग्यच आहे कारण विषय तिथे वाढला, पण त्यात आपला एक माणूस अगदी सुरुवातीला उभा आहे तो कोणी सांगितला नाही.

९ मे १९१६. कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये बाबासाहेबांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. जात पसरली कशी, या प्रश्नाला त्यांनी काय उत्तर दिलं? कोणी वरून लादली असं नाही. एका वर्गाने आपलं दार लावून घेतलं आणि बाकीच्यांनी अनुकरण केलं, काहींनी आपापली दारं लावली आणि काहींना दुसऱ्यांची दारं आपल्यासाठी बंद दिसली. आणि हे सांगताना ते आधार घेतात फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गॅब्रिएल टार्डच्या अनुकरणाच्या नियमांचा, की अनुकरण वरून खाली वाहतं आणि जितकं अंतर कमी तितकं ते जोरात होतं. आता ब्लूमिंग्टनकरांनी लिहिलेला रॉस आठवा, १९०८ चा. तोही याच टार्डवर उभा आहे. म्हणजे समाजशास्त्राची सोशल सायकॉलॉजी अमेरिकेत बाळसं धरत होती तेव्हाच तीच हत्यारं हातात घेऊन पंचविशीतला एक विद्यार्थी जातीवर काम करत होता. त्यांचे गुरू तत्त्वज्ञ जॉन ड्यूई, ते कोलंबियाला यायच्या आधी शिकागोत होते आणि मीड त्यांचा जवळचा स्नेही. मी हे वर्गात सांगायचो तेव्हा पोरं ताठ बसायची.

मला मनापासून वाटतं की या विषयाची भारतात जेवढी गरज आहे तेवढी क्वचितच कुठे असेल. आपल्याकडे माणूस दुसऱ्याच्या नजरेत स्वतःला बघतो तेव्हा त्या नजरेत आडनाव आधी असतं. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत केलेला प्रयोग जरूर वाच. सहावी-सातवीतले मुलगे, ३२१ वरच्या जातींतले आणि ३२१ खालच्या मानलेल्या जातींतले, कागदावरचे चक्रव्यूह सोडवायचे. जात जाहीर केली नाही तेव्हा दोन्ही गटांत फरक नाही. सगळ्यांसमोर नाव आणि जात पुकारली तेव्हा मोठा फरक पडला. तीच पोरं, तेच कोडं! बुद्धी कुठे गेली मधल्या काळात? प्रयोगशाळा सर म्हणतात तसं इथे एक गोष्ट काढून परत घातलीय, आणि घातलेली गोष्ट अख्खी समाजरचना आहे. म्हणून या दोन बाजूंचं भांडण मला तितकंसं खरं वाटत नाही, प्रश्न कुठून येतो हे महत्त्वाचं.

एक करून बघ. आयोवाचे कून आणि मॅकपार्टलंड यांची १९५४ ची चाचणी आहे, "मी कोण आहे?" याला वीस उत्तरं लिहायची, बस. मी दरवर्षी पहिल्या तासाला करून घ्यायचो. काहींची पहिली उत्तरं नात्यांची, अमक्याची बहीण, तमक्याची लेक, काहींची गावाची, काहींची समाजाची, आणि काहीजण थेट "मी आनंदी आहे, मी मेहनती आहे" असं लिहायचे. जात कोण लिहितं आणि कोणाला ती लिहावीशीच वाटत नाही यावर मग अख्खा तास जायचा. ज्याला आपल्या जातीची आठवण कोणी करून देत नाही त्याला ती सुचत नाही, हे पोरांना न सांगता कळायचं.

नेट परीक्षेचं (प्राध्यापकीसाठीची) लक्षात ठेव, त्यात सायकॉलॉजी आणि सोशिओलॉजी वेगळे विषय आहेत, नोकरीच्या जाहिराती बहुतेक त्या त्या विषयाच्या एमएवर निघतात. सोशिओलॉजीच्या एमएमध्ये सोशल सायकॉलॉजीचा स्वतंत्र पेपर असेलच असं नाही, ॲडमिशनच्या आधी सिलॅबस बघ आणि मार्गदर्शक कोण मिळू शकतात ते बघ.

पाणलोट

मी मराठवाड्यात ग्रामविकासाच्या कामात आहे, एमए सोशिओलॉजी. नोकरीचं विचारलं म्हणून लिहितेय.

आम्ही रोज मीटिंगा घेतो, ग्रामसभा, बचत गट, पाणी समिती. महिलांना पंचायतीत ५० टक्के जागा आहेत, खुर्चीवर बाई बसलेली असते आणि तिने सांगितलेली गोष्ट हवेत विरून जाते, दहा मिनिटांनी तीच गोष्ट एखादा भाऊ बोलतो आणि सगळे म्हणतात हां हे बरोबर. मला वाटायचं बायकांना ट्रेनिंग कमी पडतं, कॉन्फिडन्स वाढवायला हवा. मग स्टॅनफर्डचे समाजशास्त्रज्ञ जोसेफ बर्जर आणि सेसिलिया रिजवे यांचं वाचलं. ते म्हणतात गट बसला की कोणाकडून काही चांगलं येईल ही अपेक्षा आधीच वाटली गेलेली असते, लिंग, वय, शिक्षण, वंश यावरून, आणि कोणी काही ठरवून करत नाही तरी बोलायची संधी, मान, ऐकून घेणं सगळं त्या अपेक्षेप्रमाणे जातं. ज्याच्याकडून कमी अपेक्षा तो स्वतःही स्वतःकडून कमीच धरतो. १९५७ मध्ये अमेरिकेत बनावट ज्युरी बसवून पाहिलं होतं तेव्हाही वरच्या धंद्यातले पुरुषच जास्त बोलले आणि तेच प्रमुख निवडले गेले.

आता याचा उपयोग. एलिझाबेथ कोहेन यांनी हेच शाळेच्या वर्गात नेलं. गप्प बसणाऱ्या मुलाला "बोल बोल" करायचं नाही, ते मूल जे खरंच चांगलं करतंय ते नेमकं ओळखून शिक्षकाने सगळ्यांसमोर नाव घेऊन सांगायचं आणि गटाला ते कौशल्य लागेल असं काम द्यायचं, म्हणजे बाकीच्यांची अपेक्षा बदलते. आम्ही पाणी समितीत सुरुवातीला विहिरींचा हिशोब बायकांकडून मांडून घेतो कारण कुठली विहीर कधी आटते हे त्यांनाच माहीत असतं, आणि ते मांडून झाल्यावर पुढची चर्चा वेगळी होते, दरवेळी नाही पण होते. हे मला सायकॉलॉजीच्या कॉन्फिडन्सवाल्या ट्रेनिंगमधून कधी मिळालं नसतं.

रानजाई, तू ग्रुप डिस्कशनला गप्प होतेस ना, त्याचं उत्तर तुझ्यात शोधू नकोस, त्या टेबलाभोवती शोध. आणि स्टॅटिस्टिक्स सोडू नकोस, सायकॉलॉजीवाल्यांना ते चांगलं येतं आणि आमच्याकडे अशा लोकांची फार टंचाई आहे. आमच्या क्षेत्रात मुलाखत घेता येणारी आणि आकडे हाताळता येणारी अशी दोन्ही करणारी पोरगी रिकामी बसत नाही.

रानजाई

ताई, वाचून डोळ्यात पाणी आलं खरंच. सर तुम्हालाही नमस्कार, तो १९१६ चा निबंध मी आजच काढला.

प्रोजेक्टचं मॅडमशी बोलले, गावाकडची-शहरातली असा सरळ भाग न करता मजल्यावर आणि वर्गात आपल्यासारख्या किती आहेत हा प्रश्न टाकतोय, आणि "मी कोण आहे" ची वीस उत्तरंही घेणार. प्रयोगशाळा सर, उत्तरांचं कोडिंग दोघींनी वेगवेगळं करून जुळतंय का बघायचं असं पुस्तकात आहे, ते आम्ही करूच, पण त्यात नातं, गाव, समाज, गुण असे गट आधीच ठरवायचे का उत्तरं वाचून मग?

प्रयोगशाळा

आधी वीस-पंचवीस जणींची उत्तरं वाच, त्यावरून गट ठरव आणि व्याख्या लिहून काढ. मग त्या वीस-पंचवीस जणी बाजूला ठेवून उरलेल्या सगळ्यांच्या उत्तरांना दोघींनी स्वतंत्रपणे ते गट लावा. कोण कुठल्या मजल्यावर राहते हे कोडिंग करणारीला दिसता कामा नये, तेवढं फॉर्मवरून झाक. आकडे आले की इथे टाक, बघू.